बँकेचा कायदा कुठे शिजतो, आणि आपलं म्हणणं त्यात कधी घालायचं

मे 2025 मधली गोष्ट. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एक काकू वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन बँकेत गेल्या. एका ठेवीला आता चार नॉमिनी लावता येतात, कायदा झालाय, राष्ट्रपतींची सही झालीय, तर लावून द्या म्हणाल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, अभी नहीं." काकू तिथून थेट माझ्या ओट्यावर. मी आयुष्य बँकेत काढलंय, त्यामुळे कॉलनीतल्या असल्या तक्रारींचं हेडऑफिस माझंच घर.

"भाऊ, कायदा झाला म्हणजे झाला ना?"

नाही झाला. त्या कायद्यावर 15 एप्रिल 2025 ला सही झाली हे खरं, पण नॉमिनीची कलमं लागू झाली 1 नोव्हेंबर 2025 ला. मधले साडेसहा महिने कायदा होता आणि नव्हताही. काउंटरवरचा मुलगा बरोबर होता, फक्त त्याला ते नीट सांगता आलं नाही.

काकूंना समजावता समजावता लक्षात आलं, की आपल्याकडे बँकेच्या कायद्याबद्दल दोनच क्षण माहीत असतात: विधेयक मांडलं ती बातमी आणि ते मंजूर झालं ती बातमी. खरी घासाघीस त्याच्या आधी होते, नंतरही होते, आणि दोन्ही वेळा तिथे तुमच्या-माझ्यासाठी एक दार किलकिलं असतं. ते दार कोणतं आणि ते कधी लागतं, एवढ्याचसाठी हा लेख आहे. पतपेढीचे सचिव, ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी, सहकारी बँकेचे संचालक किंवा पाच-दहा लाखांची ठेव सांभाळून असलेला कुणीही, यांनी तो हाताशी ठेवावा.

आधी घर शोधा: दिल्ली, मुंबई की भोपाळ

निवेदनं वाया जातात ती बहुतेक इथेच. मजकूर उत्तम असतो, पत्ता चुकलेला असतो.

बँकिंग हा केंद्राचा विषय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत तो 45 क्रमांकावर आहे. सहकारी संस्था मात्र राज्यसूचीत, 32 क्रमांकावर. म्हणून सहकारी बँकेला दोन सासवा असतात. तिची नोंदणी आणि निवडणूक सहकार कायद्याखाली, आणि पैशांचा सगळा कारभार 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याखाली. हा कायदा सहकारी बँकांना 1 मार्च 1966 पासून लागू झाला. आपल्याकडच्या साध्या पतपेढ्या, ज्यांच्या पाटीवर साख सहकारी संस्था असं लिहिलेलं असतं, त्या मध्य प्रदेशच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतात. त्यांना नावात बँक हा शब्द लावता येत नाही आणि त्यांच्या ठेवींना ठेव विमाही नसतो. हे दुसरं वाक्य मी दरवर्षी कुणा ना कुणाला सांगतो आणि दरवर्षी समोरचा दचकतो. पतपेढीच्या नियमांबद्दल बोलायचं असेल तर दिल्लीला पत्र धाडून उपयोग नाही. तो विषय भोपाळचा, विधानसभेचा आणि सहकार निबंधकांचा.

तिसरं घर मुंबईत. संसद कायद्याचा सांगाडा करते. त्यावरचं मांस बरंचसं रिझर्व्ह बँक चढवते, आपल्या निर्देशांमधून. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ ने तिला तो अधिकार दिलेला आहे.

पत्ता कसा चुकतो याचं माझं आवडतं उदाहरण ठेव विम्याचं. समजा तुमच्या संघाच्या दोन मागण्या आहेत. पहिली, पाच लाखांची विमा मर्यादा वाढवा. दुसरी, बँकेवर निर्बंध आले की पैसे लवकर द्या. दोन्ही मागण्या 1961 च्या ठेव विमा महामंडळाच्या कायद्यातल्याच, पण त्यांचे रस्ते अगदी वेगळे. पहिलीला संसदेची गरजच नाही. केंद्र सरकारची आधी मंजुरी घेऊन महामंडळाने मर्यादा वाढवावी, अशी सोय कायद्यातच आहे. 1993 पासून एक लाखावर अडकलेली मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 ला पाच लाख झाली ती याच वाटेने. अर्थसंकल्पाच्या भाषणात घोषणा झाली आणि तीन दिवसांत काम झालं. दुसऱ्या मागणीसाठी मात्र कायदा बदलावाच लागला. 2021 च्या दुरुस्तीने कायद्यात नवं कलम आलं, आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळायची तरतूद झाली: पहिल्या 45 दिवसांत बँकेने याद्या द्यायच्या, पुढच्या 30 दिवसांत महामंडळाने तपासायच्या, उरलेल्या 15 दिवसांत पैसे. 

तेव्हा पहिलं काम हे: तुमची मागणी एका वाक्यात लिहा आणि मूळ कायदा उघडून बघा, की ती सध्याच्या कलमात बसते की कलमच बदलावं लागेल. केंद्राचे सगळे कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. कलमात "केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीने" किंवा "वेळोवेळी निर्दिष्ट करील त्याप्रमाणे" असे शब्द दिसले की समजा, खासदाराआधी मंत्रालयाला किंवा रिझर्व्ह बँकेला गाठायचं आहे.

आम्हा इंदूरकरांना हा धडा फार महागात मिळालेला आहे. तुकोजीराव होळकरांच्या काळात, 1920 मध्ये सुरू झालेली आमची बँक ऑफ इंदूर, पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर, 26 ऑगस्ट 2010 पासून स्टेट बँकेत विलीन झाली. नव्वद वर्षांची बँक गेली ती संसदेत त्यासाठी वेगळं विधेयक न येता, सरकारी आदेशाने. तो अधिकार 1955 च्या स्टेट बँक कायद्यातच लिहून ठेवलेला होता. विधेयकाची वाट बघत बसलेले बघतच राहिले.

मसुदा कागदावर येण्याआधी

बँकिंगचं विधेयक जन्माला येतं अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागात. कारण बहुधा तिघांपैकी एक: एखादी बँक बुडालेली असते, एखाद्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आलेला असतो, किंवा रिझर्व्ह बँकेने बरीच वर्षं मागितलेला अधिकार द्यायची वेळ अखेर आलेली असते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला ठेवीदाराला हजार रुपयेच काढता येत होते. त्यानंतर वर्षभरात सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारी दुरुस्ती झाली. ती मागणी जुनीच होती, तिला निमित्त मिळालं.

विभाग टिपण करतो, ते रिझर्व्ह बँकेकडे, विधी मंत्रालयाकडे आणि संबंधित इतर मंत्रालयांकडे अभिप्रायाला जातं. मग मंत्रिमंडळ, मग विधी मंत्रालयाचे मसुदाकार. या टप्प्यावर सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते संघटनांचं. 1946 पासूनची इंडियन बँक्स असोसिएशन, कर्मचाऱ्यांच्या युनियन, नागरी सहकारी बँकांचे महासंघ, यांची माणसं त्या विभागात ये-जा करून असतात. ठेवीदारांची अशी भक्कम संघटना नाही. ही उणीव मला नेहमी खुपते. कर्ज घेणारे मोठे असतात, मोजके असतात आणि एकत्र येतात. ठेवीदार कोट्यवधी असतात आणि आपापल्या पासबुकात बघत बसतात.

2014 पासून सरकारचं एक धोरण आहे, की विधेयकाचा मसुदा मंत्रिमंडळापुढे नेण्याआधी किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे ते कधी पाळलं जातं, कधी नाही. पण पाळलं गेलं तर ते तीस दिवस सोन्याचे. एकदा मंत्रिमंडळाची मोहोर उठली की मंत्र्याला आपलाच मसुदा बदलणं जड जातं. त्याआधी विभागातला उपसचिव एक शब्द इकडचा तिकडे सहज करतो.

म्हणून तुमच्या संस्थेचं पत्र मान्यताप्राप्त महासंघामार्फत पाठवा आणि त्याची प्रत थेट विभागाला द्या. दोन्ही करा. एकावर विसंबू नका.

सदनात काय होतं

हा भाग टीव्हीवर दिसतो, म्हणून तो मोठा वाटतो. विधेयक मांडलं जातं, त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, मग एकेक खंड, म्हणजे विधेयकातलं कलम, मताला येतो, शेवटी मंजुरी. गंमत अशी, की खंड 1, म्हणजे कायद्याचं नाव आणि तो लागू कधी होणार ते, सगळ्यात शेवटी घेतात. अध्यक्ष "खंड 2 ते अमुक" असं वाचतात, आवाजी मतदान होतं, आणि जे वर्षभर घासलं गेलं ते काही मिनिटांत पार पडतं.

दुरुस्त्या दोन प्रकारच्या असतात. खासदार सुचवतात त्या, आणि सरकार स्वतः आणतं त्या. पहिल्या प्रकारच्या बहुतेक पडतात. म्हणून खासदाराकडे जाताना "तुम्ही दुरुस्ती मांडा" एवढंच मागू नका. "मंत्र्यांना भेटून ही सरकारी दुरुस्ती म्हणून आणायला लावा" असं मागा. खासदाराने सदनात मांडलेली दुरुस्ती वर्तमानपत्रात येते आणि तिथेच राहते. मंत्र्याला पटलेली दुरुस्ती कायद्यात येते.

एका सदनाने मंजूर केलेल्यात दुसऱ्याने बदल केला तर ते पहिल्याकडे परत जातं. अगदीच जमलं नाही तर संयुक्त बैठक. स्वतंत्र भारतात अशी बैठक विधेयकासाठी तीनदाच झाली, आणि त्यातली एक बँकांसाठीच होती: 1978 मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याच्या विधेयकावर. राज्यसभेने ते फेटाळलं होतं. हुंडा, बँकेतली भरती आणि दहशतवाद, या तीन गोष्टींवरून आपली दोन सदनं इतकी अडून बसली, हा योगायोग मला मोठा मजेशीर वाटतो.

समिती: खरं दार इथे आहे

विधेयक समितीकडे गेलं की समजा, तुम्हाला बोलावणं आलं. अर्थविषयक स्थायी समितीत 31 खासदार असतात, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्री तिचे सदस्य होऊ शकत नाहीत. कधी एखाद्या विधेयकापुरती वेगळी संयुक्त समिती नेमतात. या खोलीत कॅमेरा नसतो, त्यामुळे खासदार पक्षाचा झेंडा जरा बाजूला ठेवून बोलतात. मंत्रालयाचे सचिव, रिझर्व्ह बँकेचे अधिकारी, बँकवाले, कामगार संघटना, सगळ्यांना बोलावून उलटतपासणी होते.

समितीत काय बदलू शकतं याची दोन उदाहरणं देतो. दोन्ही आम्हा इंदूरकरांच्या जिव्हाळ्याची.

पहिलं दिवाळखोरी संहितेचं. ते विधेयक डिसेंबर 2015 मध्ये मांडलं गेलं आणि दोन दिवसांत संयुक्त समितीकडे गेलं. कंपनी बुडाली की तिच्या मालमत्तेतून कुणाला आधी पैसे द्यायचे, ही त्यातली कळीची रांग. मूळ मसुद्यात कामगारांची 12 महिन्यांची थकबाकी पुढच्या रांगेत होती. समितीने ती 24 महिने केली. एप्रिल 2016 अखेरीस अहवाल आला, मे महिन्यात दोन्ही सदनांनी तो बदल राखूनच विधेयक मंजूर केलं. ज्या शहराने हुकुमचंद मिलच्या कामगारांना तीस वर्षांहून जास्त काळ आपल्या हक्काच्या पैशांसाठी ताटकळताना पाहिलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये 224 कोटींचा चेक निघाला तेव्हा त्यातले कित्येक जण तो बघायला उरले नव्हते, त्या शहरात 12 चे 24 होणं म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको. हुकुमचंदचा हिशोब जुन्या कंपनी कायद्याखालचा, या संहितेचा नव्हे. पण रांगेत आपला नंबर कितवा, हा प्रश्न तोच.

दुसरं एफआरडीआय, म्हणजे अडचणीतल्या बँका सावरण्याच्या आणि ठेव विम्याच्या विधेयकाचं. ऑगस्ट 2017 मध्ये लोकसभेत आलं. त्या वेळी अध्यक्षांच्या खुर्चीवर आमच्याच सुमित्राताई महाजन होत्या. या विधेयकाच्या खंड 52 मध्ये बेल-इनची तरतूद होती: बँक अडचणीत आली तर बाहेरून पैसा ओतण्याऐवजी तिच्या देण्यांनाच कात्री लावून, त्यांचं रूपांतर करून तिला उभं करायचं. विमा उतरवलेली ठेव त्यातून वगळलेली होती. पण तेव्हा विमा होता एक लाखाचा! व्हॉट्सॲपवर "सरकार तुमच्या एफडी खाणार" असा वणवा पेटला. रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर दोघांनी तर ठेवी मोडून सराफ्याची वाट धरली. घबराट अतिरंजित होती, प्रश्न मात्र खरा होता. संयुक्त समितीकडे विरोधाची निवेदनं जाऊन पडली, मुदती वाढत गेल्या, आणि ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं. दीड वर्षाने विम्याची मर्यादा पाचपट झाली. या दोन गोष्टींचा धागा सरकारने जाहीरपणे जोडलेला नाही. मी जोडतो.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हेही खरं. ज्या सदस्यांना पटलं नाही ते असहमतीची टिपण्णी जोडतात. ती जरूर वाचा. विधेयकाची दुखरी नस बहुतेक वेळा तिथेच सापडते.

निवेदन कसं लिहायचं

समिती वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या संकेतस्थळावरून सूचना मागवते. मुदत साधारण दोन-तीन आठवड्यांची असते, म्हणजे कार्यकारिणीची सभा बोलावून ठराव करेपर्यंत ती उलटून जाते. म्हणून सचिवाला आधीच अधिकार देऊन ठेवा. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत लागतं. इथे आम्ही इंदूरवाले नशीबवान. आमची मराठी ऐकून पुणेकर हसतात, पण आमच्या हिंदीला कुणी हसत नाही. निवेदन हिंदीतच लिहा.

मी पाहिलेल्या दहा निवेदनांपैकी आठ "आम्ही या काळ्या कायद्याचा तीव्र निषेध करतो" अशी सुरू होतात. ती फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. समितीच्या सचिवालयात बसलेला माणूस खंडनिहाय तक्ता करत असतो: खंड अमुक, कुणाचं म्हणणं काय, मंत्रालयाचं उत्तर काय. तुमचं पत्र त्या तक्त्यात जसंच्या तसं उचलून ठेवता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी लिहा: खंडाचा क्रमांक, सध्याचे शब्द, त्याने प्रत्यक्षात कुणाचं काय अडतं, तुमच्या संस्थेच्या आकड्यांसह, आणि तुम्हाला हवे असलेले शब्द. चौथी गोष्ट लोक टाळतात, आणि तीच सगळ्यात मोलाची. मसुदाकाराला तक्रार नको असते, पर्यायी वाक्य हवं असतं.

नमुना म्हणून, एखाद्या काल्पनिक विधेयकावर असं:

"खंड 7, उपखंड 2. सध्याचे शब्द: 'बँक ठेवीदारास योग्य मुदतीत कळवील.' अडचण: 'योग्य मुदत' म्हणजे किती हे ठरलेले नाही. आमच्या 640 सभासदांपैकी 410 जण साठीच्या पुढचे असून त्यांपैकी निम्म्यांकडे स्मार्टफोन नाही. सुचवलेले शब्द: 'बँक ठेवीदारास 15 दिवसांच्या आत, नोंदलेल्या पत्त्यावर लेखी कळवील.'"

एवढंच. असे तीन मुद्दे पुरेत. पंधरा मुद्दे लिहिलेत तर त्यातले सर्वात सोपे दोन मानून बाकीचे सोडून देतील.

बोलावलं तर जायची तयारी आहे, हे शेवटी स्पष्ट लिहा. आणि एक पथ्य कसोशीने पाळा: समितीला दिलेलं निवेदन हे समितीच्या दप्तराचा भाग होतं, ते गोपनीय मानतात. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "बघा आम्ही दिल्ली हलवली" अशी फुशारकी मारायची नाही. विशेषाधिकाराचा मामला होऊ शकतो.

समितीच नाही, तर?

हे हल्ली बरेचदा होतं. 90 दिवसांची ती चांगली दुरुस्ती बघा: 30 जुलै 2021 ला राज्यसभेत मांडली, 4 ऑगस्टला तिथे मंजूर, 9 ऑगस्टला लोकसभेत मंजूर, 1 सप्टेंबरपासून लागू. मांडल्यापासून संसदेची मोहोर उठेपर्यंत अकरा दिवस. निवेदन पोस्टात टाकलं असतं तर ते पोचण्याआधी कायदा झाला असता. ठेवीदाराच्या फायद्याचं होतं म्हणून कुणी कुरकुरलं नाही. पण त्याच वेगाने तोट्याचंही येऊ शकतं.

अध्यादेशाने तर उलटाच क्रम होतो, आधी अंमल मग चर्चा. सहकारी बँकांची 2020 ची दुरुस्ती घ्या. मार्चमध्ये विधेयक आलं, लॉकडाऊनमध्ये अडकलं, 26 जूनला अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये जुनं विधेयक मागे घेऊन नवं आणलं आणि त्याच महिन्यात दोन्ही सदनांत मंजूर केलं. सहकार हा राज्याचा विषय आहे, केंद्र आत घुसतंय, असा आरडाओरडा सदनात झाला. त्यात हाती आलेलं ठोस म्हणाल तर प्राथमिक कृषी पतसंस्थांना कायद्यातून बाहेर ठेवलेलं होतं, बँक शब्द न वापरण्याच्या अटीवर. 

अशा वेळी दोनच हातखंडे उरतात. एक, राज्यसभा. विधेयक पहिल्या सदनात मंजूर होऊन दुसऱ्यात जाईपर्यंतचे दिवस मोजा आणि तेवढ्यात मध्य प्रदेशच्या राज्यसभा खासदारांना गाठा. आपण लोकसभेच्या खासदाराच्याच दारात रांग लावतो. चार नॉमिनींचं विधेयक लोकसभेने 3 डिसेंबर 2024 ला मंजूर केलं आणि राज्यसभेने 26 मार्च 2025 ला. जवळजवळ चार महिने मिळाले होते! कुणी वापरले? दुसरा हातखंडा म्हणजे सहीनंतरचा काळ.

सही झाली. आता नीट लक्ष द्या

राष्ट्रपतींच्या सहीने विधेयकाचा अधिनियम होतो. तो लागू होतो का, हे खंड 1 वर अवलंबून. तिथे बहुधा लिहिलेलं असतं: केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून, आणि वेगवेगळ्या कलमांसाठी वेगवेगळी तारीख. काकू इथेच अडकल्या होत्या. त्याच कायद्यातली काही कलमं 1 ऑगस्ट 2025 पासून लागू झाली. सहकारी बँकेच्या संचालकाची कमाल सलग मुदत आठ वर्षांवरून दहा झाली ती त्यात. कंपनीत एखाद्याचा किती रुपयांचा वाटा असला की बँकिंग कायदा त्याला भरीव हितसंबंध मानतो, त्याची 1968 पासून पाच लाखांवर थिजलेली मर्यादा दोन कोटी झाली तीही त्यात. नॉमिनीची कलमं तीन महिने मागून आली, कारण त्यासाठी नियम आणि फॉर्म लागतात, बँकांच्या संगणकात रकाने लागतात.

ते नियम हीच नंतरची वाटाघाट. कायदा म्हणतो चार नॉमिनी. पण एकाच वेळी वाटा घेणारे की एकामागून एक, टक्केवारी कशी लिहायची, एक नॉमिनी आधी वारला तर काय, हे सगळं बारकाव्याचं. ठेवींना दोन्ही पद्धती चालतात, लॉकरला फक्त एकामागून एकची. ज्याने हे बारकावे ठरवले त्याने तुमच्या घरातलं भांडण मिटवलं किंवा लावलं.

सरकारने केलेले नियम संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात, आणि दोन्ही सदनांच्या अधीनस्थ विधान समित्या ते तपासू शकतात. लोकसभेच्या या समितीत 15 सदस्य असतात. नियमाने मूळ कायद्याच्या पलीकडे उडी मारली असेल तर तक्रार करायची जागा ही. फार कमी लोक तिथे जातात, त्यामुळे गेलेल्याचं निवांत ऐकून घेतलं जातं.

एवढं करा: ई-गॅझेटवर कायद्याचं नाव टाकून दर महिन्याला एकदा शोध घ्या, आणि कोणतं कलम कधी लागू झालं याचा एका कागदावर तक्ता ठेवा. आमच्या कॉलनीच्या वाचनालयात असा एक कागद आता लावलेला आहे. शेजारीच पाणीपट्टीची सूचना आहे, ती मात्र जास्त वाचली जाते.

मुंबईचं अंगण

सामान्य माणसाचं म्हणणं सगळ्यात लवकर कामी येतं ते रिझर्व्ह बँकेकडे, आणि तिकडेच आपण सगळ्यात कमी जातो. मे 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम कसे करायचे याचीच एक चौकट जाहीर केली: मसुदा संकेतस्थळावर टाकायचा, सूचनांसाठी किमान 21 दिवस द्यायचे, आलेल्या सूचनांवर आपलं साधारण उत्तरही मांडायचं. संकेतस्थळावर कनेक्ट टू रेग्युलेट नावाचा विभाग आहे, तिथे प्रत्येक मसुद्याखाली म्हणणं लिहिता येतं. वकील लागत नाही, दिल्लीचं तिकीट लागत नाही.

हलतं का काही? सोनेतारण कर्जाचं बघा. 9 एप्रिल 2025 ला मसुदा आला. सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज आणि छोट्या कर्जालाही परतफेडीच्या ऐपतीची तपासणी, असा त्याचा सूर. सराफ्यात संध्याकाळी दुकानं बंद होऊन खाऊचे ठेले लागायच्या वेळेला त्या दिवसांत हीच चर्चा असायची. ज्याला मुलीच्या फीसाठी पन्नास हजार हवेत त्याने उत्पन्नाचे कागद कुठून आणायचे? सोनेतारणवाल्या कंपन्या ओरडल्या, तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिलं, आणि 30 मे ला खुद्द अर्थ मंत्रालयाने सांगितलं, की दोन लाखांपर्यंतच्या कर्जदारांना यातून वगळावं असं आम्ही सुचवलं आहे. 6 जूनला अंतिम निर्देश आले: अडीच लाखांपर्यंत 85 टक्के, अडीच ते पाच लाख 80 टक्के, त्यापुढे 75 टक्के, आणि अडीच लाखांपर्यंत ऐपतीची तपासणी सक्तीची नाही. कर्ज फिटल्यावर सोनं जास्तीत जास्त सात कामाच्या दिवसांत परत; उशीर बँकेचा असेल तर रोज 5,000 रुपये भरपाई. मसुद्यापासून अंतिम शब्दापर्यंत दोन महिनेही लागले नाहीत.

मोठ्यांचंही ऐकतातच, आणि भरघोस. मे 2024 च्या मसुद्यात बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांच्या कर्जावर 5 टक्के तरतूद, म्हणजे कर्ज बुडालं तर म्हणून बँकेने बाजूला ठेवायची रक्कम, करायला सांगितलं होतं. जून 2025 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा ती पायाभूत प्रकल्पांसाठी 1 टक्क्यावर आली. पाचावरून एकावर! तुम्ही नाही लिहिलंत तरी लिहिणारे लिहितातच, एवढा अर्थ त्यातून घ्या.

रिझर्व्ह बँकेला लिहिताना निवेदनाचाच साचा वापरा, फक्त एक भर घाला: खर्चाचा आकडा. "या नियमाने आमच्या तीन शाखांच्या बँकेला वर्षाला अमुक रुपये जादा लागतील" हे वाक्य "लहान बँकांवर अन्याय होईल" यापेक्षा दहापट जड असतं. आपली बँक कोणत्या प्रकारात मोडते तेही पहिल्याच ओळीत लिहा. नोव्हेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने जुनी परिपत्रकं निकालात काढून 244 एकत्रित निर्देश केले, तेही व्यापारी बँक, नागरी सहकारी बँक, ग्रामीण बँक असे प्रकारवार. चुकीच्या प्रकारचा निर्देश उद्धृत केलात तर पुढचं कुणी वाचणार नाही.

राहिल्या काकू. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या, या वेळी मला बरोबर घेऊन. पुण्याच्या लेकाला 40 टक्के, इथल्या लेकीला 40, आणि दुखण्यात उशाशी बसलेल्या भाचीला 20. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याने कॅल्क्युलेटर काढून बेरीज शंभर येते का ते दोनदा बघितलं, मग म्हणाला, "आंटी, हो गया." बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, लेकाला सध्या काही सांगू नकोस.